नावामागचा ‘एच’: लघवीच्या दोन गोळ्या एकदम चालू राहिल्याचं एक प्रकरण

आधी थोडं

मी मेडिकल चालवतो, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात. काउंटरच्या आत उभं राहून बावीस वर्षं झाली. खालचं प्रकरण माझ्याच दुकानातून गेलेलं आहे, यातल्या निम्म्या गोळ्या मीच दिल्यात, त्यामुळं मी काही लांबून बघणारा माणूस नाही. घरच्यांना विचारून लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, पण औषधांची नावं आणि रिपोर्टचे आकडे तसेच ठेवलेत कारण सगळी गोष्ट त्या आकड्यांतच आहे. आणि हे आकडे एका ४६ किलोच्या आजींचे आहेत, तुमच्या घरातल्या माणसाला ते जसेच्या तसे लावू नका.

पार्श्वभूमी

आजींचं वय सत्तरीच्या अलीकडं. घरात मुलगा, सून, एक कॉलेजला जाणारा नातू, आणि मुलगी पुण्याला दिलेली. नऊ वर्षांपासून बीपी, रोज अ‍ॅम्लोडिपिन ५ एमजीची एक गोळी, बाकी शुगर नाही, हार्टचं काही नाही. जानेवारीत डोकं दुखायला लागलं म्हणून सोलापूरला फिजिशियनकडं नेलं, तिथं बीपी १६८/९४ निघालं. त्यांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ ची १० केली आणि जोडीला एक नवीन गोळी लिहिली, टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ एकत्र असलेली. अशी जोडगोळी अगदी नेहमीची आहे, माझ्याकडं तर रोज निघते, त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मीठ कमी करा म्हणाले. आणि चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तीन आठवड्यांनी सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) या रक्ताच्या तपासण्या करायला लिहिलं होतं.

ती ओळ कुणीच वाचली नाही. घरच्यांना इंग्रजी अक्षर लागलं नाही, आणि मी चिठ्ठी हातात घेतली की औषधांची नावं वाचतो, खालचा कोपरा नाही. आता वाचतो.

अशा जोडगोळ्यांच्या नावात एक खूण असते जी मेडिकलवाल्याला पाठ असते आणि पेशंटला कुणी सांगत नाही. नावाच्या शेवटी ‘एएम’ असलं की साधारणपणे त्यात अ‍ॅम्लोडिपिन आहे, ‘सीटी’ असलं की क्लोरथॅलिडोन आणि नुसतं ‘एच’ असलं की हायड्रोक्लोरोथायझाइड. यातली शेवटची दोन लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी औषधं आहेत. म्हणजे आजींना जानेवारीपासूनच लघवीची गोळी चालू होती, फक्त घरात तिचं नाव ‘बीपीची नवी गोळी’ होतं.

काय काय घडत गेलं

फेब्रुवारी संपता संपता पाय सुजायला लागले. संध्याकाळी घोट्याजवळ बोट दाबलं की खड्डा राहायचा, चपलेचा पट्टा रुतायचा, सकाळी उठल्यावर बरंच कमी असायचं. सोलापूरला जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, मुलाला सुट्टी नाही, म्हणून गावातच एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दम लागतो का विचारलं, छाती तपासली, सूज बघितली आणि टोर्सेमाइड १० एमजी ही लघवीची गोळी, सकाळी एक, पाच दिवस अशी लिहून दिली. कुठली औषधं चालू आहेत असं त्यांनी विचारलं होतं. आजी म्हणाल्या, “बीपीची गोळी हाय की चालू.” बस, तेवढंच. पाकीट घरी, गादीखाली.

अ‍ॅम्लोडिपिननं पायाला सूज येते हे पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, १० एमजीवर जास्त येते आणि बायकांना जास्त येते. ती सूज शरीरात पाणी वाढलं म्हणून येत नाही, बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि त्यातलं पाणी पायाच्या मांसात झिरपतं म्हणून येते. त्यामुळं लघवीची गोळी देऊन ती नीट जात नाही, गोळी अंगातलं पाणी काढते पण झिरपणं चालूच राहतं. तिचा खरा इलाज म्हणजे अ‍ॅम्लोडिपिनचा डोस कमी करणं किंवा ते बदलणं. पण पाच दिवसांनी सूज थोडी उतरली (पाय वर ठेवून बसायला सांगितलं होतं, त्याचाही हात असेल), दोन दिवसांनी परत आली, आणि नातू रिकामं पाकीट घेऊन माझ्याकडं आला. “काका, हीच द्या, दहा.”

मी दिल्या. मग पंधरा दिल्या. मार्च आणि एप्रिल असेच गेले. पाकिटावर आरएक्स छापलेलं असतं, चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, हे सगळं मला माहीत आहे, पण ओळखीचं घर, डॉक्टरांनीच लिहिलेली गोळी, रिकामं पाकीट समोर, आणि दुकानात गर्दी. पाच दिवसांची गोळी अडीच महिने चालली.

त्यातून आजींनी वेळ बदलली. टोर्सेमाइड घेतलं की पुढचे काही तास सारखं जावं लागतं, आणि मार्च-एप्रिल म्हणजे उन्हाळी कामांचे दिवस, गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड, शेजारच्या चार बायका, संडास खाली अंगणाच्या टोकाला. सारखं उठून जायला बरं वाटेना म्हणून त्या गोळी संध्याकाळी सातला घ्यायला लागल्या. मग रात्रीतून तीन-चार वेळा उठणं आलं, झोपेचं खोबरं झालं, आणि अंधारात पायऱ्या उतरणं आलं.

एप्रिलच्या सुरुवातीला सून आली, आईंच्या पोटऱ्यांत रात्री गोळे येतात म्हणाली. मी कॅल्शियमची बाटली दिली. हे लिहिताना मला लाज वाटते. लघवीची गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटरीत गोळे आले की पहिला प्रश्न पोटॅशियम, सोडियम, मॅग्नेशियमचा असतो, हे मी फार्मसीच्या परीक्षेत लिहून आलेलो माणूस आहे.

मग गच्चीवर मांडी घालून बसून गुडघे धरले. त्यासाठी एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची गोळी, दिवसातून दोनदा, एकेक पाकीट करत. हीसुद्धा माझ्याकडूनच. मीठ कमी करायचं म्हणून घरातल्या बाईनं घरच्याच पापडाला हात लावला नाही, लोणचं बंद, भाजी अळणी. भूक मेलेली, दुपारी अर्धी भाकरी आणि ताक, ते ताकही बिनमिठाचं. आणि पारा ४३ च्या वर गेल्यावर पुण्याच्या मुलीचा रोज फोन, “आई, तीन लिटर पाणी झालं पाहिजे हं.” आजी आज्ञाधारक, तांब्या शेजारी घेऊनच बसायच्या.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मळमळ सुरू झाली, जेवण जवळपास बंद. उठून उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी. एका रात्री अंगणात पडल्या, मनगट सुजलं. दुसऱ्या दिवसापासून बोलणं बदललं. नातवाला मेलेल्या दिराच्या नावानं हाक मारायला लागल्या, चहात मीठ टाकलं, वाटी हातात धरून तशाच बसून राहिल्या. घरात तीन मतं पडली: ऊन लागलंय, पडल्यामुळं डोक्याला मार लागलाय, आणि वयच झालंय आता. चौथं मत शेजारचं होतं, ते लिहीत नाही, त्यासाठी लिंबूही उतरवून झालं होतं.

अडचण नेमकी कुठं कळली

तिसऱ्या दिवशी मुलगी पुण्याहून आली. बँकेत आहे, डॉक्टरकीशी काही संबंध नाही, पण हिशेबाची सवय. तिनं आल्याआल्या आईच्या गादीखालची, देव्हाऱ्यातली, फ्रिजवरची सगळी पाकिटं एका पिशवीत भरली आणि दुपारी तीनला दुकानात येऊन काउंटरवर ओतली.

“दादा, यातली कुठली कशाची, मला लिहून द्या.”

मी कागद घेतला आणि लिहायला लागलो. अ‍ॅम्लोडिपिन १०, बीपी. टेल्मिसार्टन एच, बीपी. टोर्सेमाइड १०, लघवी. मग परत दुसऱ्या ओळीवर गेलो आणि एच भोवती गोल केला. ही पण लघवीची. एक बाई, ४६ किलो, लघवीच्या दोन गोळ्या. खाली दुखण्याची गोळी. हे सगळं मी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या माणसाच्या हातात दिलेलं होतं, एकत्र बघितलेलं पहिल्यांदाच.

“ताई, किती दिवस बडबडतायत?”

“परवापासून. आज तर मला ओळखायलाच वेळ लागला.”

समोर जे होतं ते थोडक्यात असं. हायड्रोक्लोरोथायझाइडच्या गटातल्या गोळीनं लघवीतून मीठ जातं, आणि त्याशिवाय किडनीची पातळ लघवी करायची ताकद कमी होते. म्हणजे वरून साधं पाणी भरपूर पोटात गेलं तर जादाचं पाणी बाहेर टाकता येत नाही आणि रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. बारीक चणीच्या, वयस्कर, कमी खाणाऱ्या बायकांत हे सगळ्यात जास्त दिसतं. बहुतेक वेळा गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच होतं, पण वर टोर्सेमाइड, अळणी खाणं आणि तीन लिटर पाणी असं सगळं साचत गेलं की नंतरही होतं. दुखण्याच्या गोळीनं पाणी अडकायला आणखी मदत होते. शिवाय लघवीची गोळी, टेल्मिसार्टन आणि दुखण्याची गोळी हे त्रिकूट किडनीला फार वाईट: एकानं अंगातलं पाणी कमी केलेलं, दुसऱ्यानं किडनीतून बाहेर जाणारी नळी सैल केलेली, तिसऱ्यानं आत येणारी नळी आवळलेली, मग गाळायला दाबच उरत नाही.

सोडियम हळूहळू उतरलं की माणूस आधी मळमळतो, मग सुस्तावतो, तोल जातो, मग बरळायला लागतो. बाहेरून बघणाऱ्याला ते म्हातारपण वाटतं.

कुठले पर्याय होते

हे सगळं पाचेक मिनिटांत बोललो, पण नंतर मी बसून लिहून काढलं कारण यातला प्रत्येक पर्याय दुकानात उभ्या असलेल्या कुणी ना कुणी मला सुचवला होता.

पहिला, ओआरएस पाजून उद्या सकाळपर्यंत बघू. जुलाब लागलेल्या, शुद्धीत असलेल्या माणसाला ओआरएस उत्तम. पण बरळणाऱ्या माणसाच्या घशात पाणी ओतलं तर ते फुफ्फुसात जायची भीती, आणि सोडियम खरंच फार उतरलं असेल तर हा खेळ घरात खेळायचा नाहीच.

दुसरा, मुलाचा. “सगळ्या गोळ्याच बंद करतो आजपासून.” लघवीच्या आणि दुखण्याच्या गोळ्या त्या दिवशी द्यायच्या नाहीत हे मीही म्हणालो, आणि अ‍ॅम्लोडिपिनची आजची गोळी सकाळीच झाली होती. पण नुसतं बंद करून घरी ठेवणं म्हणजे सोडियम किती आहे हे न बघता वाट बघणं. आणि डोक्याला मार लागला असेल तर ते वेगळंच.

तिसरा, गावातच सलाईन लावू. हा सगळ्यात लोकप्रिय. पण आपल्याकडं सलाईन म्हणजे बाटली, कुठलीही बाटली. पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत मीठ नसतंच, ती अशा पेशंटला लावली तर अजून पाणीच गेल्यासारखं, सोडियम आणखी उतरणार. साधं ०.९ टक्क्यांचं सलाईन काही वेळा बरोबर असतं, काही वेळा नाही, आणि ते ठरवायला आकडा हातात पाहिजे. त्यात सोडियम फार वेगानं वर आणलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणजे कमी आहे ते घातक आणि घाईनं भरलं तेही घातक.

चौथा, गावातल्या लॅबमध्ये रक्त देऊन रिपोर्ट आला की ठरवू. लॅब चांगली आहे पण इलेक्ट्रोलाइट्सचा, म्हणजे सोडियम-पोटॅशियमचा, रिपोर्ट संध्याकाळी सातला मिळणार होता.

पाचवा, सरळ सोलापूरला, आयसीयू असलेल्या ठिकाणी, गोळ्यांची पिशवी बरोबर घेऊन.

काय केलं

पाचवा. मी एक काम केलं, त्या कागदावर प्रत्येक औषधापुढं कधीपासून, किती, शेवटची गोळी कधी, हे लिहिलं. तारखा माझ्या बिलबुकातून काढल्या. खाली एक ओळ: ‘लघवीच्या दोन गोळ्या + दुखण्याची, सोडियम आधी बघावं.’ डॉक्टरला शिकवल्यासारखं वाटेल म्हणून ती ओळ खोडणार होतो, मुलगी म्हणाली राहू द्या. नंतर तिथल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं की त्या कागदामुळं त्यांचा अर्धा तास वाचला, नाहीतर पडलेली, बरळणारी म्हातारी म्हटल्यावर सगळा रोख डोक्याकडंच असता.

सोडियम ११६ निघालं, नॉर्मल १३५ ते १४५ असतं. पोटॅशियम २.९, ते साडेतीनच्या वर पाहिजे. क्रिएटिनिन १.८, जानेवारीत ०.९ होतं. बीपी आडवं असताना ११८/७०, उभं केल्यावर ९२/५८, म्हणजे अंधारी का येत होती ते कळलं. डोक्याचा सीटी स्कॅन स्वच्छ, मनगटाचं हाड शाबूत, ईसीजीत पोटॅशियम कमी असल्याच्या खुणा.

लघवीच्या दोन्ही गोळ्या, दुखण्याची गोळी आणि किडनी सुधारेपर्यंत टेल्मिसार्टन, सगळं थांबवलं. ३ टक्क्यांचं मिठाचं सलाईन पंपावर, थोडं थोडं. दर चार-सहा तासांनी सोडियम. चोवीस तासांत ते ८ अंकांपेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही असं ठरवलं होतं, कारण पोटॅशियम कमी असलेल्या, नीट न जेवलेल्या माणसाला घाईची इजा व्हायची शक्यता जास्त. पोटॅशियम भरलं तरी सोडियम वर सरकतं, त्यामुळं तेही त्याच हिशेबात धरलं. पाणी दिवसाला मोजून. मुलीचं म्हणणं, सगळ्यात अवघड हेच गेलं, आई पाणी मागते आणि मेच्या उन्हात आपण नाही म्हणायचं.

निकाल

दुसऱ्या दिवशी १२३, तिसऱ्या दिवशी १२९. त्या सकाळी आजींनी नर्सला विचारलं की माझ्या कुरडया कुणी आत घेतल्या का. पाचव्या दिवशी सोडियम १३४, सहाव्या दिवशी घरी. आठवड्याभरानं क्रिएटिनिन १.१.

घरी जाताना अ‍ॅम्लोडिपिन परत ५ वर आणलं, आणि तपासण्या जागेवर आल्यावर टेल्मिसार्टन ४० सुरू केलं, नुसतं, एच नसलेलं. फाईलवर लाल शाईनं लिहिलं की थायझाइड गटातलं (म्हणजे त्या ‘एच’च्या गटातलं) औषध परत द्यायचं नाही. गुडघ्याला शेक आणि लागलंच तर नुसतं पॅरासिटामॉल. पायाची सूज जूनच्या पहिल्या आठवड्यात गेली, लघवीची एकही गोळी न घेता. घरच्या मशीनवर बीपी १३८/८० च्या आसपास असतं, फिजिशियन म्हणाले या वयात आणि या सगळ्यानंतर मला हे चालतंय, घाई नाही.

एक गोष्ट पूर्ण परत आली नाही, चालताना आता काठी लागते. ती पडण्यामुळं, भीतीमुळं की वयामुळं, हे कुणी ठरवू शकत नाही.

मागं वळून बघताना

घरच्यांशी आणि नंतर त्या गावातल्या डॉक्टरांशीही बसून बोललो. त्यांना वाईट वाटलं पण चिडले नाहीत, उलट म्हणाले मी पाच दिवस लिहिले होते, सहाव्या दिवशी दाखवायला या असं लिहायला पाहिजे होतं. मला हे पटतं. थांबायची तारीख चिठ्ठीवर होती, पण ती पाळायचं काम कुणाकडंच नव्हतं. पाकीट संपलं की आणायचं हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं.

माझ्या मते खरा वळणाचा क्षण फेब्रुवारीतला. नवीन त्रास सुरू झाला की आधी हे विचारायचं की गेल्या दोन महिन्यांत कुठली गोळी नवीन आली किंवा वाढली. सूज गोळीची होती, तिच्यावर दुसरी गोळी आली, दुसरीनं गोळे आणले, त्यावर कॅल्शियम आलं. पाकीट गादीखाली न राहता दवाखान्यात गेलं असतं तर त्या डॉक्टरांना एच दिसला असता, अ‍ॅम्लोडिपिन १० दिसलं असतं आणि बहुतेक तिथंच थांबलं असतं.

दुसरा क्षण चिठ्ठीचा कोपरा. लघवीचं औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन बघतात, आणि म्हाताऱ्या माणसात तर बघायलाच पाहिजे. फेब्रुवारीत ती तपासणी झाली असती तर कदाचित तेव्हाच १३० वगैरे दिसलं असतं. नक्की नाही, पण ते गोळे एकदम आकाशातून पडले नव्हते.

गोळीच्या वेळेबद्दल घरच्यांना मी दोष देत नाही. सकाळी घ्या असं सांगणं सोपं आहे, पण संडास अंगणाच्या टोकाला असलेल्या बाईनं, किंवा एसटीनं तीन तास जाणाऱ्या बाईनं काय करायचं हे कुणी सांगत नाही, मग बायका गोळी टाळतात किंवा रात्रीवर ढकलतात. आता मी विचारतो, दिवस कसा असतो तुमचा, कुठं जाणं-येणं असतं का, आणि डॉक्टरांना विचारून त्याप्रमाणं सकाळ-दुपारची वेळ बसवायला सांगतो. बहुतेक डॉक्टर यात लवचिक असतात, विचारलं तर.

पाण्याबद्दल माझंही मत बदललं. उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या हे सगळ्यांना सरसकट सांगायचं वाक्य नाही. लघवीची गोळी चालू असलेल्या माणसाला किती पाणी, किती मीठ, हे त्याच्या डॉक्टरनं सांगायचं, कुणाला जास्त लागतं, कुणाला कमी. तसंच मिठाचं. मीठ कमी करा म्हणजे लोणचं-पापड-फरसाण कमी, जेवणच अळणी करून भूक घालवा असं नाही. आणि याच्या उलट टोकाला ते ‘लो सोडियम’ मीठ, त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम घातलेलं असतं. टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यानं ते स्वतःच्या मनानं सुरू केलं तर पोटॅशियम वर जाऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात. स्पायरोनोलॅक्टोनही लघवीचीच गोळी, पण ती पोटॅशियम घालवत नाही, धरून ठेवते. त्यामुळं ‘लघवीची गोळी चालू आहे म्हणून रोज नारळपाणी’ हे गणित प्रत्येकाला लागू नाही, कुठली गोळी आहे त्यावर ठरतं.

आणि दुखण्याची गोळी. याच्यावर मी दुकानात नियम केलाय, बीपीची गोळी चालू आहे का हे विचारल्याशिवाय देत नाही. गिऱ्हाईक वैतागतं, दोन जण दुसऱ्या मेडिकलला गेले. जाऊ देत.

गल्लीत काय झालं

इथं प्रकरण संपायला पाहिजे होतं. पण आजी घरी आल्या आणि ‘लघवीच्या गोळीनं वेड लागतं’ ही बातमी गल्लीभर झाली.

दोन गल्ल्या सोडून एक रिटायर्ड मास्तर आहेत, हार्टचं पंपिंग ३० टक्के, त्यांना टोर्सेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही चालू, आणि त्यांच्यासाठी ते बरोबर आहे. जूनमध्ये ते खोकल्याचं औषध मागायला आले. आधी मी बाटली काढलीच होती. मग विचारलं, “सर, खोकला आडवं पडल्यावर वाढतो का?” म्हणाले, हो, दोन उशा लागतात, काल तर खुर्चीतच झोपलो. दुकानात वजनकाटा आहे, उभं केलं, ६५ किलो. महिन्यापूर्वी चिठ्ठीवर ६१ होतं.

“गोळ्या चालू आहेत ना?”

“लघवीची सोडली आठ दिवस झाले. त्या बाईंचं ऐकलं ना.”

बाटली परत फळीवर ठेवली आणि तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी लगेच बोलावून घेतलं. दोन दिवस इंजेक्शननं पाणी काढावं लागलं. आजींच्या अंगात ती गोळी नको होती आणि मास्तरांच्या फुफ्फुसात पाणी साचू नये म्हणून तीच गोळी पाहिजे होती, हे मी त्यांना समजावत होतो तर ते म्हणाले, “अरे हे तू गल्लीत सांगायला पाहिजे होतंस, आजीबाईंचं सांगितलंस तेव्हाच.” बरोबर होतं त्यांचं. आजींची गोष्ट दुकानात चार जणांना मीच रंगवून सांगितली होती.

उलटी-जुलाब लागले, जेवण बंद झालं तर लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी एक-दोन दिवस थांबवायची का, हे डॉक्टरला फोन करून त्याच दिवशी विचारायचं, हे मी आता सगळ्यांना सांगतो. पण हार्टवाल्यांना वेगळं सांगतो: मनानं एक दिवसही बंद नाही, आणि तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर मला नाही, डॉक्टरला गाठा.

मास्तर आता रोज सकाळी फिरून येताना दुकानात थांबतात, चहाच्या आधी, चपला काढून काट्यावर उभे राहतात आणि आकडा खिशातल्या डायरीत लिहितात. माझं शटर उघडायला उशीर झाला तर पायरीवर बसून राहतात. काल ६१.४ होतं.